बारक्या लेकराला पुस्तक कशाला?

"आता ह्याला काय कळतंय? शाळेत गेल्यावर वाचील की!" गोवर-रुबेलाची लस द्यायला नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन आलेल्या आजीपुढे पुस्तकाची गोष्ट काढली, की अंबाजोगाई असो वा उदगीर, बहुतेक हेच ऐकू येतं. वाचन म्हणजे अक्षरओळख, असं आपण शिकलेलेही धरून चालतो. अक्षरं फार नंतर येतात. त्याआधीचं काम कानाचं, आणि ते पहिल्या वर्षातच जोरात चालू असतं.

१९८४ चा एक प्रयोग माझा फार लाडका आहे, कारण त्यात आपले त आणि ट आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन उच्चार ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना त्यातला फरक धड कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी थोडीच निघाली. कान शाबूत होते. जो फरक घरच्या बोलण्यात लागतच नाही, त्याकडे मेंदू लक्ष देईनासा झाला होता.

याच वयात मेंदू एक हिशेबही करतो. बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबत नाही. बाळाला ऐकू येतं ते 'चिमणीआलीचिमणीउडाली' असं सलग. शब्द कुठे संपला? 'चि'नंतर 'म', 'म'नंतर 'णी' हे पुन्हा पुन्हा येतं. 'णी'नंतर मात्र काहीही येऊ शकतं. पुढच्या अक्षराची शक्यता जिथे एकदम घसरते, तिथे शब्दाची सीमा. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अशी सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली, मध्ये कुठेही न थांबता. तेवढ्यावर बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले. बारावीत घाम फोडणारी सशर्त संभाव्यता ती हीच!

हिशेबाला माल लागतो, आणि तो जिवंत माणसाकडून यावा लागतो. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषेत खेळणाऱ्या, त्यांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या माणसांकडून बाळं चिनी उच्चार शिकली. तेच पडद्यावर दाखवल्यावर काहीच नाही. तेव्हा 'बाळाला हुशार करणारे' व्हिडिओ लावून मोबाइल हातात देणाऱ्यांनी निदान डेटापॅक तरी वाचवावा.

मग नुसत्या गप्पा का पुरत नाहीत? कारण रोजच्या बोलण्यात 'खा, झोप, हात नको लावू' एवढंच फिरत राहतं. लातूरच्या लेकरासमोर होडी आणि देवमासा पुस्तकातूनच येणार.

बोस्टनमध्ये १९८९ साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे काम नेहमीच्या तपासणीचाच भाग मानलं. आपल्याकडेही शाळेआधी लेकराची वरचेवर गाठ पडते ती फॅमिली डॉक्टरशी, आणि त्यांचा शब्द घरात मोडत नाहीत. आईला वाचता येत नसेल तरी अडत नाही; चित्रावर बोट ठेवून बोललं की झालं. मराठी, दखनी, तांड्यावरची गोरमाटी, कुठलीही बोली चालते.

पुस्तक डॉक्टरांच्याही कामाचं आहे; बाळ त्याचं काय करतं, यावरून त्याची वाढ कळते. सहा महिन्यांचं बाळ ते तोंडात घालतं, वर्षाचं झालं की चित्राकडे बोट दाखवू लागतं. दीड वर्षाचं होऊनही एक शब्द नसेल, तर जिभेवर वेखंड उगाळून चाटवत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत.