गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर’ चालत नाही

‘पिकअपच्या गिअरबॉक्सला हात लावू नका, तेल बदललं की तो बसतो,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे.

हा समज होण्यामागे कारण आहे. बहुतेक जण आवाज सुरू झाल्यावर, गिअर अडकू लागल्यावरच तेल बदलतात. तोवर बेअरिंग किंवा सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या भागाच्या) पितळी रिंगा झिजलेल्या असतात. बिघाड आधीचा, नाव नव्या तेलाचं.

तेल उष्णतेने आणि धातूच्या बारीक कणांनी खराब होतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात कळमन्याच्या बाजारात क्षमतेपेक्षा जास्त संत्री भरून नेली, तर झीज आणखी लवकर होते.

तपासणं सोपं आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा. गिअरबॉक्सच्या बाजूचा तेल भरायचा बोल्ट आधी उघडा. तो जाम असेल तर तेल काढायचा खालचा बोल्ट उघडूच नका, नाहीतर तेल जाईल आणि भरता येणार नाही. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल या भोकाच्या कडेपर्यंत हवं. कमी असेल तर आधी सील पाहा, गळती बहुधा तिथेच सापडते. खालच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावरची राखाडी, लोण्यासारखी पेस्ट नेहमीची. टोचणारे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर तेलाचे दोन दर्जे आहेत. जीएल-४ सांगितलं असताना जीएल-५ ओतलं, तर त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना बाधू शकतात.