दक्षिण आशिया परिषद (असोसिएशन फॉर एशियन स्टडीज)

आशियाच्या अभ्यासकांच्या 'असोसिएशन फॉर एशियन स्टडीज' या अमेरिकी संस्थेत दक्षिण आशियापुरते कामकाज पाहणारे, सभासदांनी निवडून दिलेले मंडळ. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या देशांच्या भाषा, इतिहास, धर्म आणि समाज यांवर काम करणारे सभासद या परिषदेच्या कक्षेत येतात. संस्थेचे मुख्यालय मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे आहे.

मूळ संस्थेचा आरंभ १९४१ साली 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली' या त्रैमासिकापासून झाला. नावावरूनच कळते की लक्ष चीन आणि जपानकडे होते. १९५६ मध्ये संस्थेने आजचे नाव घेतले आणि त्रैमासिक 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' झाले. पाटी बदलली तरी वजन लगेच बदलत नाही. संस्कृतचे अमेरिकी अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाचा स्वतंत्र विभाग १९४८ मध्येच उभा केला होता, पण पूर्व आशियाच्या अभ्यासकांची संख्या मोठी असल्याने संस्थेच्या व्यवहारात इतरांचा आवाज कमी पडे. संस्थेच्या १९७० च्या घटनादुरुस्तीने यावर उपाय काढला. चीन व मध्य आशिया, ईशान्य आशिया, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया अशा चार निर्वाचित परिषदा स्थापन झाल्या आणि त्यांच्यामार्फत प्रत्येक प्रदेशाला संचालक मंडळावर प्रतिनिधित्व मिळाले. परिषदेचे खरे महत्त्व या तरतुदीत आहे. संख्येने थोड्या असलेल्या अभ्यासकांना केवळ मतमोजणीवर सोडले असते, तर त्यांचे विषय दरवर्षी मागे राहिले असते.

परिषदेचे कामकाज महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या संशोधन मंडळाच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. दरवर्षी काही जागा रिकाम्या होतात, त्यांसाठी उमेदवार शोधावे लागतात आणि मग मतदान होते. बैठक बहुधा मार्चच्या सुमारास, वार्षिक अधिवेशनाच्या दिवसांतच घेतली जाते, कारण एरवी सदस्य वेगवेगळ्या विद्यापीठांत विखुरलेले असतात. विषयपत्रिकेवर छोटी अनुदाने, पारितोषिकांचे परीक्षक, रिकाम्या होणाऱ्या जागा असे विषय येतात. हे काम कोणी पगार घेऊन करत नाही. शिकवणे आणि संशोधन सांभाळून सदस्य ते करतात, आणि या क्षेत्रातल्या तरुण अभ्यासकाची पहिली उमेद पुष्कळदा अशाच एखाद्या छोट्या अनुदानावर उभी राहते.

पारितोषिकांकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण कशाला मान द्यायचा हे परिषदेने त्यांतून सांगितले आहे. शिकागोचे मानवशास्त्रज्ञ आणि इतिहासकार बर्नार्ड कोन यांच्या नावाचे पारितोषिक दक्षिण आशियावरील लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मिळते. कोलंबोत जन्मलेले आणि बॉस्टनच्या कला संग्रहालयात आयुष्याची अखेरची तीस वर्षे काढलेले आनंद कुमारस्वामी यांच्या नावाचे पारितोषिक या क्षेत्रातील उत्तम ग्रंथासाठी आहे. तिसरे अनुवादासाठी असून ते ए. के. रामानुजन यांच्या नावाचे आहे. म्हैसूरहून शिकागोला गेलेल्या या कवीने वीरशैव संतांची कन्नड वचने आणि प्राचीन तमिळ संगम कविता इंग्रजीत नेल्या. विद्यापीठांत नोकरी आणि बढती ठरताना अनुवाद बहुतेक वेळा संशोधनापेक्षा खालच्या पायरीवर धरला जातो. परिषदेने त्याला संशोधनग्रंथांच्या ओळीत बसवले, हे तिचे मोठे काम आहे. प्रादेशिक भाषांतला मजकूर जगापुढे जाण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि मराठीला ही गोष्ट नीट माहीत आहे.

मराठीशी संबंध अनेक अंगांनी आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या 'पीएल ४८०' कायद्याखाली, भारताला विकलेल्या धान्यापोटी साचलेल्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत ती जात. आपल्याकडे रेशनच्या रांगेत ज्या गव्हाची आठवण निघते, त्याच गव्हाच्या पैशांतून मराठी पुस्तके परदेशी विद्यापीठांच्या कपाटांत पोहोचली. मराठीच्या परदेशी अभ्यासकांना वाचायला जे मिळाले, त्यातला मोठा भाग हा.

या परंपरेतल्या ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद केला आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला. २०१८-१९ मध्ये त्या संपूर्ण संस्थेच्या अध्यक्ष होत्या. लीळाचरित्राच्या भाषेत आयुष्य घालवलेल्या विदुषीने चीन-जपानच्या अभ्यासकांचेही अध्यक्षपद भूषवावे, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हरकत नाही.

त्यांचीच कारकीर्द एका अवघड प्रसंगातून गेली. संस्था २०१४ पासून आशियातल्या शहरांतही अधिवेशन भरवते. २०१८ च्या जुलैत ते अशोका विद्यापीठाच्या सहकार्याने दिल्लीत ठरले, तेव्हा भारत सरकारने पाकिस्तानी अभ्यासकांना येऊ दिले नाही. आशियाच्या अभ्यासाचे अधिवेशन दक्षिण आशियातच, आणि तिथल्या एका देशाचे अभ्यासक दाराबाहेर! संस्थेने निषेध नोंदवला, पण सरकारची ही अट तिने आधीच उघड करायला हवी होती, अशी टीका अनेक सभासदांनी केली आणि बहिष्काराची हाकही दिली गेली. टीका रास्त होती. घटनेने दिलेला प्रदेशाचा आवाज सभासदांनी अशा वेळी वापरायचा नाही, तर कधी वापरायचा? अधिवेशन झाले. पुढच्या वर्षीचे बँकॉकला भरले.