झोंबीपटाचं ओपनिंग आणि झोंबीपटाचा ट्रेलर

'झोंबीपटाचं ओपनिंग बनवा, लांबी दोन मिनिटं' असं काम मिळालं की विद्यार्थ्यांचे पुष्कळ गट मेहनत घेऊन ट्रेलर बनवून आणतात. दोन्हींची लांबी सारखी, दोन्हींत अंधार, रक्त, पडद्यावर येणारी नावं आणि शेवटी काळ्यावर उमटणारं शीर्षक, त्यामुळे गफलत होते. पण ओपनिंग ही पिक्चरची पहिली दोन मिनिटं आहेत. बघणारा खुर्चीत येऊन बसलेला आहे. त्याला पटवायचं नाही, तिसऱ्या मिनिटापर्यंत न्यायचं आहे. ट्रेलर हा अजून घरी बसलेल्या माणसासाठी असतो, म्हणून त्यात सगळ्या पिक्चरमधलं चमचमीत तेवढं वेचून पुढं ठेवतात.

ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या शॉटला लागून तिसरं मिनिट जोडता येतं का बघा. येत असेल तर ते ओपनिंग. पुढं काय जोडायचं हे कुणालाच सांगता येत नसेल, तर ट्रेलर झाला आहे.

पैसे कमी असले की हा फरक थेट खिशाला लागतो. ट्रेलर करायचा म्हणजे न काढलेला अख्खा पिक्चर काढल्यासारखा दाखवायचा: आठ-दहा जागा, पळणारी गर्दी, पाच-सहा झोंबी, प्रत्येकाच्या मेकअपला तास-दीड तास. ओपनिंगला एक जागा, एक संध्याकाळ, एक माणूस आणि अर्धाच दिसणारा एक झोंबी पुरतो. विद्यार्थ्यांच्या हातात जे असतं त्यातून धडकी भरवणारं काही निघायचं असेल तर ते ओपनिंगमधूनच निघतं.

एकच रान, दोन तऱ्हा

सांगली जिल्ह्यातलं उसाचं रान घ्या. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट आहे. एक माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला येतो. स्टार्टरचं बटण दाबतो, मोटर घुमायला लागते, पाटाला पाणी येतं. शेवटच्या सरीपर्यंत पाणी का पोचत नाही म्हणून तो बांधावरून बघत जातो. बॅटरीच्या उजेडात एकच चप्पल दिसते. पुढं ओल्या मातीत एका पायाचा ठसा, आणि दुसऱ्या पायाच्या जागी ओढल्याची लांब रेघ. तेवढ्यात लाईट जाते. मोटर थांबते. वारा पडलेला असताना उसाचं एकच बेट सळसळतं. माणूस मागं सरतो, बॅटरी हातातून सुटते आणि तिचा उजेड जमिनीलगत आडवा पडतो. त्या उजेडात दोन पाय येतात. एक नीट पडतो, दुसरा घासत येतो. काळं, आणि शीर्षक.

हे साधारण 110 सेकंदांत, 16 ते 18 शॉटमध्ये बसतं. पायांचा शेवटचा शॉट 12-14 सेकंद अखंड ठेवायचा. एडिट करणाऱ्याचा हात तिथं शिवशिवतो, पण कापला की भीती गेली, कारण पाय किती सावकाश येतात हेच तिथं दाखवायचं असतं. याच शॉटला ट्रेलरमध्ये दीड सेकंद मिळतो. आधी गावातली पळापळ, नंतर कुणाची तरी किंकाळी, मध्ये 'त्या रात्री काय घडलं?' अशी पाटी. दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये 50-60 शॉट सहज जातात. त्यांचा क्रम कथेप्रमाणे नसतो, संगीताच्या ठोक्याप्रमाणे असतो.

पायाचा ठसा वगळू नका. आपल्याकडं रात्री रानात कुणी उभं दिसलं की बघणाऱ्याच्या मनात आधी मुंजा येतो, हडळ येते. झोंबीची ओळख त्याच्या शरीरात आहे. तो मेलेला असला तरी त्याला वजन आहे, तो चिखलात रुततो, पाचट मोडतो, मागं रक्त आणि माती सोडत जातो. भूत ठसा ठेवत नाही. ट्रेलरमध्ये 'झोंबी' असं लिहिलेली पाटी टाकून काम भागतं. ओपनिंगमध्ये ते त्या रेघेनं सांगावं लागतं.

रक्त: वाळलेलं आणि ताजं

ट्रेलरमध्ये हल्ला दाखवतात, म्हणून ताजं, वाहणारं रक्त लागतं. ओपनिंगमध्ये बहुतेक वेळा हल्ला आधीच होऊन गेलेला असतो, तिथं वाळलेलं रक्त हवं. दोन्हीला एकच बाटली वापरली की चपलेवरचं रक्त सरबतासारखं चमकतं आणि सगळं खोटं पडतं.

ताज्यासाठी 200 मिली लिक्विड ग्लुकोज घ्या. केकचं सामान मिळतं तिथं मिळेल. त्यात दोन चमचे लाल खायचा रंग, एक चमचा कोको पावडर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि निळ्या रंगाचे दोन थेंब घाला. कोको आणि कॉर्नफ्लोअर आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. नुसत्या लाल रंगाचं रक्त मोबाईलच्या कॅमेऱ्यात गुलाबी दिसतं. त्याला गडदपणा निळ्यानं आणि कोकोनं येतो. ग्लुकोज नसेल तर साखरेचा पाक चालतो, पण एकतारीवर थांबा आणि लिंबाचे चार थेंब पिळा. पाक पुढं गेला की गार झाल्यावर साखर धरते आणि रक्तात खडे दिसतात.

वाळलेल्यासाठी काकवीसारखं दुसरं काही नाही. तीन चमचे काकवी, एक चमचा कोको, अर्धा चमचा लाल रंग. जुन्या टूथब्रशनं कापडावर थोपटायचं आणि वरून कोरडी माती भुरभुरायची. मातीनं चकाकी मरते. अडचण एकच, मुंग्या. लावल्यापासून वीस मिनिटांत शॉट घ्या आणि चप्पल मध्ये उंचावर ठेवा. 1968 च्या एका गाजलेल्या अमेरिकन झोंबीपटात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. तो कृष्णधवल होता म्हणून ते खपलं. तुमचंही कृष्णधवल असेल तर लाल रंगाचा खर्चच नाही, नुसती काकवी चालेल.

मेकअप कुठवर

या ओपनिंगमध्ये झोंबीचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. मेकअप दोन पायांचा, तासाभरात होणारा. आधी पायावरचे केस काढा, नाहीतर लेटेक्स (कातडीवर वाळून चिकटणारं पातळ रबर) सोलताना केसांसकट निघतं. लिक्विड लेटेक्सचा पातळ थर, त्यावर टिशू पेपरचा एक पदर, परत लेटेक्स, असे तीन थर. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. टिशू कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा, म्हणजे कडा कातडीत मिसळतात. वाळल्यावर मध्ये चिमटीनं फाडून आत गडद लाल भरा. लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघाच.

कातडीला राखाडी रंग द्या आणि नखांच्या कडेला, टाचेच्या भेगांत हळद भरा. कॅमेऱ्यात ते आजारी, पिवळट दिसतं. सांगलीत हळदीला काही तोटा नाही, पण हिचा गुण लक्षात ठेवा: कपड्यावर सांडलेल्या हळदीला साबण लागला की डाग लाल होतो. दुसऱ्या दिवशी उरलेलं शूटिंग असेल तर पोशाख धुऊ नका, डागांची सलगता जाते.

ट्रेलरसाठी चेहरे लागतात, आणि चेहरा जवळून दाखवण्याइतका मेकअप पहिल्या प्रयत्नात क्वचितच जमतो. झाकलेला झोंबी स्वस्त आहे आणि जास्त भीतीदायकही.

उजेड, कॅमेरा, रान

मध्यरात्री शूट करू नका. मोबाईलचा कॅमेरा तिथं आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) चढवतो आणि काळ्या भागात किडे वळवळल्यासारखे ठिपके येतात. सूर्य मावळल्यानंतरची 20-25 मिनिटं मोठ्या शॉटसाठी ठेवा, आभाळात निळा उजेड असतो आणि उसाची कड कापल्यासारखी दिसते. डिसेंबरात सांगलीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचलाच मेकअप करून तयार असायला हवं. चप्पल, ठसा, पाय असे जवळचे शॉट नंतर बॅटरीच्या उजेडात निघतात. बॅटरीच्या काचेवर बटर पेपरचा एक पदर लावा, नाहीतर मधला ठिपका पांढराफट्ट होतो आणि बाजूचं काहीच दिसत नाही.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. मोबाईल सहसा सेकंदाला 30 फ्रेमवर असतो आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) आपलं आपण बदलत राहतो, त्यामुळे मोटरघराच्या दिव्याखाली चित्र लुकलुकतं. 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद असं पक्कं करा. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) लॉक करा, नाहीतर बॅटरी हलली की रंग हलतो.

ऊस निवडताना मालकाला तोड कधी आहे ते आधी विचारा. कारखान्याची तोड आली की टोळी येते आणि दोन दिवसांत रान मोकळं होतं. अर्धं शूटिंग झालेलं असेल तर बाकीचं कुठं घेणार? रात्री उसाच्या आत शिरू नका. घोणस असते, आणि वाळवा-शिराळ्याकडं बिबट्याही. बांधावरून सगळे शॉट निघतात. बेट हलवायला एकाला आत पाठवण्यापेक्षा कांड्यांना दोरी बांधून बाहेरून ओढा. स्टार्टर खरोखर चालू करायची गरज नाही. बोट बटणाकडं जाताना दाखवा, पुढचं काम आवाज करतो. पाचटाजवळ धूर, गोवऱ्या, धूप काहीही पेटवू नका. आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रक्तानं माखलेला माणूस गाडीवर मागं बसवून गावातून नेला तर दवाखान्यापर्यंत वरात जाईल.

आवाज आणि पाट्या

ट्रेलर संगीतावर चालतो. ओपनिंग एका आवाजावर चालू शकतं, आणि इथं तो मोटरचा आहे. ती चालू झाल्यापासून सत्तर सेकंदं तीच घुमघुम ठेवा. बघणारा तिला सरावतो, मग तिचं ऐकणंच बंद होतं. ती थांबते तेव्हा जी शांतता पडते तिच्यापुढं कुठलाही 'धडाम' फिका आहे. मोटर वेगळी रेकॉर्ड करा, आणि ती बंद असताना रानाचा नुसता आवाज निदान एक मिनिट घ्या: रातकिडे, पाटातलं पाणी. तो तुकडा नसला की एडिटमध्ये प्रत्येक कटला आवाज तुटतो. चालण्याचा आवाज घरी घमेल्यात पाचट तुडवून मिळतो. हाड मोडायला उसाचं कांडं, आणि मांस फाडायला तोच ऊस दातांनी सोललेला, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून.

नावांच्या पाट्या ओपनिंगमध्ये पहिल्या शांत शॉटवर येतात, प्रत्येकी तीन सेकंद, आठच्या वर नकोत. संस्थेचं नाव आधी, मग कलाकार, लेखन, छायाचित्रण, संकलन, आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. चप्पल आणि ठशाच्या शॉटवर एकही अक्षर नको, डोळा आधी अक्षराकडं जातो. ट्रेलरमध्ये ही नावं शेवटी एकाच पाटीवर दाटीनं बसवतात, वर 'लवकरच'. तो शब्द ओपनिंगमध्ये आला की परीक्षक तिथंच पेन उचलतात.

प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं टाकताना वेलांटी भलतीकडं जाते आणि जोडाक्षरं फुटतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा आणि फॉन्ट युनिकोड ठेवा. तरीही नाही जमलं तर पाटी दुसरीकडं बनवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. मग पूर्ण दोन मिनिटं एकदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐका: मोटरची घुमघुम तिथं जवळजवळ गायब होते, कारण लहान स्पीकर खालचे सूर वाजवत नाही. तिच्यात थोडा पट्ट्याचा घासल्याचा, वरचा आवाज मिसळला की मोटर परत ऐकू येते, आणि थांबलेलीही कळते.