कलत्या तटाचे खरे काम

किल्ल्याचा तट पायथ्याशी बाहेर पसरलेला का असतो, असे विचारले की ‘तोफेचा गोळा घसरून जावा म्हणून’ हे उत्तर हमखास मिळते. ते चुकीचे नाही, पण हिशेब मांडला तर तोकडे पडते. आडव्या येणाऱ्या गोळ्याची ऊर्जा भिंतीच्या अंगाने किती वळेल, हे भिंत उभ्या रेषेपासून किती कलली आहे यावर ठरते. १५ अंशांच्या कलाने जेमतेम ७ टक्के ऊर्जा वळते, ३० अंशांनी २५ टक्के आणि ४५ अंशांनी निम्मी. इतका कललेला तट मात्र शत्रू शिडीवाचूनही चढून येईल.

शिवाय असे उतार तोफांच्या आधीपासून आहेत. सीरियातील ‘क्राक दे शेव्हालिए’ हा किल्ला ११४२ मध्ये हॉस्पिटलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाकडे आला आणि पुढच्या शंभरेक वर्षांत त्यांनी तो दुहेरी तटाचा केला. त्याच्या आतल्या तटाला दक्षिणेकडून, म्हणजे डोंगराची सोंड जिथून किल्ल्याला भिडते त्या बाजूने, प्रचंड दगडी उताराचा पायथा आहे.

त्या काळी तटाला खरी भीती सुरुंगाची होती. शत्रूचे खणकरी पायाखाली भुयार पाडत, त्याला लाकडी टेकू देत आणि शेवटी ते टेकू पेटवून वरचे बांधकाम खाली आणत. पायथा रुंद असला की भुयार तितकेच लांब खणावे लागते आणि नेमके कुठे थांबायचे याचा अंदाजही चुकतो. चढाईची शिडी उताराच्या बाहेर, तटापासून दूर टेकावी लागत असल्याने ती अधिक लांब आणि म्हणून अधिक लवणारी होते. वरून टाकलेला दगडही वाया जात नाही: १५ मीटरवरून पडलेला दगड ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने उतारावर आदळतो आणि उसळून बाहेरच्या माणसांवर जातो. भूकंपाचा भाग वेगळाच. ११७० च्या भूकंपात या किल्ल्याची हानी झाली होती, आणि खाली जड व वर हलकी भिंत हादऱ्याला अधिक तग धरते.

१२७१ मध्ये सुलतान बैबर्सच्या सैन्याने बाहेरच्या तटाचा नैर्ऋत्येकडील बुरूज सुरुंगाने पाडला. आतल्या उताराची परीक्षा झालीच नाही. वरिष्ठांच्या नावाचे, बहुधा बनावट, पत्र मिळाल्यावर शिबंदीने किल्ला सोडला.

तोफा आल्यावर उतार टिकला, कारण मात्र बदलले. गोळ्यांचा मारा पचवण्यासाठी तट बुटके, जाड आणि मागून मातीने भरलेले होऊ लागले. ही माती, विशेषतः पावसात भिजल्यावर, भिंतीला बाहेर ढकलते. पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुऱ्या केलेल्या गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या कोरड्या खंदकात उतरून पाहिले, तर जांभ्याची कलती भिंत मागच्या भरावावर रेललेली दिसते.