सायबिको: टॉवरशिवाय हातोहात जाणारी चिठ्ठी

जुलै २०२५ मध्ये ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनी ‘बिटचॅट’ नावाचे अ‍ॅप जाहीर केले. इंटरनेट नको, मोबाईलचा टॉवर नको, जवळच्या फोनकडून त्याच्या जवळच्या फोनकडे असा संदेश सरकत जावा, ही त्यामागची कल्पना कोणालाही अगदी नवी वाटेल. पण ती नवी नाही. हीच कल्पना त्याच्या पंचवीस वर्षे आधी अमेरिकेतल्या दुकानांत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या वेष्टनात विकायला होती आणि तिचे गिऱ्हाईक होते शाळकरी वयाची मुले-मुली. त्या उपकरणाचे नाव सायबिको. ते आज कोणी बनवत नाही, पण ते का चालले आणि का थांबले हे समजून घेतले, तर बिनटॉवरच्या प्रत्येक संदेशयंत्रणेची नाडी हाती लागते.

सायबिकोमागचा माणूस डेव्हिड यांग. येरेव्हानमध्ये जन्मलेला, मॉस्कोच्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेत शिकलेला हा तरुण छापील मजकूर ओळखणाऱ्या ‘फाइनरीडर’ या सॉफ्टवेअरमुळे आधीच यशस्वी झाला होता. एप्रिल २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सायबिकोची चाचणी-विक्री झाली आणि पुढच्याच महिन्यात ते अमेरिकेत सर्वत्र मिळू लागले. तेव्हाच्या अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या हाती मोबाईल क्वचितच असे आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर लेखी संदेश पाठवण्याची सोयही सर्वत्र नव्हती. आपल्याकडे त्या काळी अनेकांच्या कमरेला पेजर असे, पण पेजर फक्त ऐकतो आणि तेही टॉवरचे. सायबिको ऐकत असे, बोलत असे आणि टॉवर मुळी मागतच नसे.

तळहातावर मावणारे हे यंत्र होते. त्यावर टंकलेखन यंत्राच्या क्रमाने बसवलेली रबरी बटणे इतकी लहान होती की ती बोटाऐवजी सोबतच्या काडीने दाबणे सोपे जाई. पडदा काळा-पांढरा, १६० गुणिले १०० ठिपक्यांचा आणि करड्या रंगाच्या चार छटांचा. आत हिताची कंपनीचा सुमारे ११ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ किलोबाइट स्मृती आणि रेडिओचे काम सांभाळण्यासाठी वेगळा छोटा सहायक प्रोसेसर. या यंत्रासाठी खेळ आणि इतर प्रोग्राम मिळून ४०० हून अधिक गोष्टी उपलब्ध होत्या. मला त्यातली सर्वांत मोहक वाटणारी सोय मात्र वेगळी आहे: आपली आवडनिवड यंत्रात नोंदवून ठेवली, की जुळणाऱ्या आवडीचे दुसरे सायबिको टप्प्यात येताच ते खिशात थरथरत असे. गर्दीत कुठेतरी आपल्यासारखे कोणीतरी आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला खिशातून कळावे, ही गोष्ट साधी नव्हे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे संदेश जायचा कसा. सायबिको ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलत असे. अमेरिकेत हा पट्टा ठरावीक मर्यादेत, परवान्याशिवाय वापरता येतो. या वारंवारतेला लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर येते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वाआठ सेंटिमीटर लांबीची अँटेना पुरते; म्हणूनच हा रेडिओ खिशात मावला. मोकळ्या जागेत त्याचा पल्ला सुमारे ३०० फूट आणि घराच्या आत साधारण १५० फूट. वेग सेकंदाला १९,२०० बिट. शंभर इंग्रजी अक्षरांचा संदेश ८०० बिटांचा धरला, तर तो हवेत एका सेकंदाचा चोविसावा भाग व्यापतो. पडद्यावरचे एक पूर्ण चित्र मात्र ३२,००० बिटांचे होते आणि ते पाठवायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागला असता.

तीनशे फुटांच्या पलीकडे काय? इथे वर्गातली चिठ्ठी आठवावी. पहिल्या बाकावरचा मुलगा शेवटच्या बाकावरच्या मित्राला थेट चिठ्ठी देऊ शकत नाही. तो ती मागच्या बाकावर देतो, तो त्याच्या मागच्याला, आणि मधल्या कोणालाही चिठ्ठीत रस असण्याची गरज नसते. सायबिकोही असेच दुसऱ्याचा निरोप पुढे देऊ शकत असे. पण वर्गातल्या चिठ्ठीचा आवाज होत नाही; रेडिओवरची प्रत्येक उडी म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलणे. एका ओळीत क, ख, ग, घ अशी चार यंत्रे आहेत असे समजू. क जेव्हा ख शी बोलतो, तेव्हा ख ला ऐकावे लागते, म्हणून तो स्वतः बोलू शकत नाही. ग बोलला तर त्याचा आवाज ख च्या कानी पडून क चे बोलणे बिघडते, म्हणून त्यालाही गप्प राहावे लागते. म्हणजे एकाच वाहिनीवरच्या, म्हणजे एकाच वारंवारतेवर बोलणाऱ्या यंत्रांच्या, लांब साखळीत एका वेळी फार तर दर तिसरे यंत्र बोलू शकते आणि उपयोगी वेग तिथल्या तिथे एक तृतीयांशावर येतो. वाहिन्या वाढवूनही हा पेच पूर्ण सुटत नाही, कारण ज्या दोघांना बोलायचे आहे त्यांनी एकाच वाहिनीवर असायला हवे.

मार्ग ठाऊक नसेल तर सर्वांत सोपी युक्ती अशी: जो ऐकेल त्याने निरोप एकदा पुन्हा म्हणायचा, आणि तो अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून त्यावर उड्यांची मर्यादा लिहायची. बिटचॅटमध्ये ही मर्यादा ७ आहे. एकमेकांच्या टप्प्यातल्या १०० सायबिकोंनी असा एक शंभर अक्षरी निरोप प्रत्येकी एकदा उच्चारला, तर हवा चार सेकंदांहून अधिक काळ व्यापलेली राहील. एका निरोपासाठी!

म्हणजे शेजारी जास्त झाले तर अडचण. कमी झाले तर? याचे उत्तर बेल प्रयोगशाळेतील एडगर गिल्बर्ट या गणितज्ञाने १९६१ मध्येच शोधायला सुरुवात केली होती. सपाटीवर ठिपके वाटेल तसे विखुरले आणि ठरावीक अंतराच्या आतले ठिपके रेषांनी जोडले, तर काय दिसते? प्रत्येक ठिपक्याला सरासरी साडेचारपेक्षा कमी शेजारी असतील, तर नुसती सुटी बेटे दिसतात. ही सीमा ओलांडली, की अचानक एक अखंड जाळे उभे राहते. गाळणीतल्या कॉफीच्या पुडीतून पाणी आरपार पाझरण्याचा जो क्षण असतो, त्याचेच हे गणित.

हे गणित न्यूयॉर्कला लावून पाहू. १५० फुटांच्या पल्ल्याचे वर्तुळ सुमारे ६,५७० चौरस मीटरचे असते. त्यात सरासरी साडेचार यंत्रे हवीत, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ६८५ यंत्रे. मॅनहॅटनचे क्षेत्रफळ ५९ चौरस किलोमीटर. तेव्हा एकट्या मॅनहॅटनमध्ये सुमारे ४० हजार सायबिको हवेत, आणि तेही एकाच वेळी चालू. पल्ला ३०० फुटांचा धरला तरी १० हजार लागतात. आता दुसरी बाजू पाहा. संपूर्ण अमेरिकेत मिळून सायबिकोची विक्री काही लाखांच्या घरातच होती. एखाद्या शाळेच्या आवारात, एखाद्या मॉलमध्ये सीमा ओलांडली जात असेल. शहरभर ती ओलांडली जाणे शक्य नव्हते. ज्या मुलाच्या वर्गात दुसरे सायबिको नव्हते, त्याच्यासाठी ते खेळ खेळण्याचे यंत्रच राहिले.

योगायोग असा की सायबिकोच्या चाचणी-विक्रीच्या आदल्याच महिन्यात, मार्च २००० मध्ये, इलिनॉय विद्यापीठातील पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांचा बिनतारी जाळ्यांच्या क्षमतेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कुमार हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. निबंधाचा गाभा समजायला अवघड नाही. शहर तेवढेच ठेवून यंत्रांची संख्या n केली आणि प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात बोलायचे ठरवले, तर n च्या प्रमाणात जोड्या एकाच वेळी बोलू शकतात. पण प्रत्येक निरोपाला शहर ओलांडायला √n च्या प्रमाणात उड्या लागतात आणि तेवढी हमाली इतरांना करावी लागते. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग १/√n च्या प्रमाणात घटतो. जाळे तुटू नये म्हणून आवाज किंचित मोठा ठेवावा लागतो, त्याने छेदात लॉगरिदमचा आणखी एक गुणक येतो आणि सूत्र १/√(n log n) असे होते. नुसत्या √n चाच विचार केला तरी १०,००० यंत्रांत १९,२०० बिटांचे १९२ बिट उरतात. टॉवरवाल्या कंपन्या टॉवर का उभारतात, याचे उत्तर याच सूत्रात आहे: टॉवर ही हमाली जमिनीखालच्या तारांवर टाकतो.

टॉवरवरून एक गोष्ट सांगणे भाग आहे. टॉवरच्या लहरींनी चिमण्या मरतात, किंवा ५जीमुळे करोना पसरला, अशा अफवा आपल्याकडे सुशिक्षित घरांतही फिरल्या. सायबिकोच्या लहरीच्या एका कणाची ऊर्जा सुमारे ०.०००००४ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. रेणूतला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. हा फरक सुमारे दहा लाख पटींचा आहे, आणि विषाणूचा प्रसार लहरींवरून होत नाही.

२००१ मध्ये सायबिकोची ‘एक्स्ट्रीम’ ही वेगवान, जास्त स्मृतीची आवृत्ती आली. पण मार्च २००० पासून इंटरनेट कंपन्यांचे समभाग कोसळू लागले होते, नव्या कंपन्यांना मिळणारा पैसा आटला होता आणि मोबाईल स्वस्त होत चालला होता. दोन आवृत्त्यांनंतर काही वर्षांतच उत्पादन बंद झाले.

भारतात हे यंत्र आहे तसे वापरताही आले नसते. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा जीएसएम फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी दिलेला आहे आणि सायबिकोचा निम्मा पट्टा त्यावरच येतो. दूरच्या फोनचा क्षीण आवाज टिपायला बसलेल्या टॉवरच्या कानाशी हे यंत्र बोलत राहिले असते. भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा वेगळा पट्टा परवान्याविना खुला झाला, आता तो ८६८ पर्यंत आहे, आणि संदेश सरकवणारी हौशी उपकरणे आपल्याकडे त्याच परिसरात चालतात.

सायबिकोचे संदेश कोणत्याही कंपनीच्या संगणकातून जात नव्हते. त्यामुळे कंपनीने काम थांबवले तरी एकमेकांशी बोलण्याची या यंत्रांची सोय बंद पडली नाही. अमेरिकेतल्या एखाद्या माळ्यावरून दोन सायबिको खाली काढले, त्यांच्या बॅटऱ्या अजून चार्ज होत असल्या आणि ती अंगणाच्या दोन टोकांना धरली, तर आजही एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या पडद्यावर उमटेल.