फोनबिलाचा वाद ग्राहक आयोगापर्यंत कसा पोहोचला

मोबाइल किंवा इंटरनेटच्या सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आज थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. मधली जवळपास साडेबारा वर्षे मात्र ही वाट अडलेली होती.

अडचणीचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात होते. टेलिफोनही याच कायद्याखाली येई. १९५७ साली त्यात कलम ७ब घालण्यात आले: तारयंत्रणा चालवणारे प्राधिकरण आणि ग्राहक यांच्यातला वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल आणि त्याचा निर्णय अंतिम राहील. टेलिफोन खाते सरकारी, लवाद नेमणारेही सरकारच. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर लोक बिलांचे वाद ग्राहक मंचात, म्हणजे आजच्या ग्राहक आयोगात, नेऊ लागले. १ सप्टेंबर २००९ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने विशेष कायदा सामान्य कायद्यापेक्षा वरचढ असल्याचे सांगून मंचांचे अधिकारक्षेत्र नाकारले. तो वाद बिल न भरल्याने तोडलेल्या फोनचा होता.

या निकालाने ग्राहकाची पुरती कोंडी झाली. दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. २००० साली स्थापन झालेले दूरसंचार वादांचे न्यायाधिकरण टीडीसॅट ग्राहकांच्या गटाचे वाद ऐकते, एकट्याचे नाही. त्याच्यासाठी कायद्याने ग्राहक मंचाचाच मार्ग राखला होता, आणि नेमका तोच बंद झाला. खासगी कंपन्याही ७ब पुढे करू लागल्या. तारप्राधिकरणाचे अधिकार खासगी कंपन्यांना नाहीत, त्यामुळे हे कलम त्यांना लागू नाही, असे दूरसंचार विभागाने २०१४ मध्ये पत्राने कळवले, तरी आक्षेप थांबले नाहीत.

त्याच वर्षी अहमदाबादच्या एका ग्राहकाने तक्रार केली. महिन्याला सरासरी ५५५ रुपये येणारे बिल एकदम २४,६०९ रुपयांवर गेले होते. अधिकारक्षेत्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००९ चा निकाल चुकीचा ठरवला. लवाद हा ग्राहकापुढचा एक पर्याय आहे, सक्ती नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' या व्याख्येत दूरसंचाराचा उल्लेखच केला आहे.

व्यवहारात तक्रारी कच्च्या राहतात त्या कागदांअभावी. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्राने डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, दिलाच पाहिजे. तो घ्यावा आणि त्याचा एसएमएस जपून ठेवावा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तेथे ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. नुसत्या फोनवरच्या बोलण्याचा पुढे पुरावा उरत नाही. आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. शुल्क ठरते ते सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे घरगुती फोनच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला ते शून्य. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेही आता तक्रार दाखल होते.

२०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम ३० मध्ये ऑनलाइन तंटा निवारण यंत्रणेची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याच्या हक्काला तिने बाधा येणार नाही, हेही त्याच कलमात लिहून ठेवले आहे.