नमुना व्हिडिओ फाइल
व्हिडिओ दाखवणारे, कापणारे, कॉम्प्रेस करणारे किंवा एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारे सॉफ्टवेअर नीट चालते की नाही, हे तपासण्यासाठी जपून ठेवलेली फाइल. तिचे रिझोल्यूशन, कोडेक (चित्र कॉम्प्रेस करण्याची व उलगडण्याची पद्धत), फ्रेमची संख्या, आवाजाचे चॅनेल व अवधी आधीच नोंदवलेले असणे हे तिचे मुख्य लक्षण होय; ही नोंद नसेल, तर सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला आधारच उरत नाही.

एमपी४ हे केवळ वेष्टन असून आतील चित्र एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३) किंवा एव्ही१ (२०१८) यांपैकी कोणत्याही पद्धतीने कॉम्प्रेस केलेले असू शकते, म्हणून एक एमपी४ फाइल चालली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. कॉम्प्रेस न केलेले नमुने गुणवत्ता मोजण्यासाठी लागतात. मात्र १९२० × १०८० रिझोल्यूशनचे, सेकंदाला २५ फ्रेमचे, ८ बिट ४:२:० (उजेडापेक्षा रंगाची माहिती कमी ठेवणाऱ्या) स्वरूपातील चित्र सेकंदाला सुमारे ७८ एमबी जागा घेत असल्याने ते काही सेकंदांचेच ठेवतात. एफएफएमपेग या मुक्त साधनाने कॅमेऱ्याविनाही रंगपट्टे आणि पळता सेकंद-आकडा असलेली फाइल तयार करता येते. ब्लेंडर फाउंडेशनचा २००८ मधील ‘बिग बक बनी’ हा लघुपट मुक्त परवान्यामुळे चाचणीसाठी जगभर वापरला जातो.

तयार नमुन्यांत आपल्याकडची दृश्ये आणि लिप्या क्वचितच सापडतात. ही उणीव भरून काढण्याजोगे साहित्य सोलापुरात विपुल आहे. जॅकार्ड मागावरच्या चादरीवरून कॅमेरा सावकाश फिरवून ते चित्र लहान केले, की दाट नक्षीच्या जागी मुळात नसलेल्या लाटा उमटतात आणि आकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा कच्चेपणा लगेच दिसतो. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उन्हात चमकणाऱ्या पांढऱ्या बाराबंद्या व वेगवेगळ्या दिशांना हलणारी हजारो डोकी असतात; पुढच्या फ्रेमचा अंदाज मागच्या फ्रेमवरून बांधणाऱ्या कोडेकला हे दृश्य फार जड जाते. याच यात्रेतील होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात काळोखातला धूर कॉम्प्रेस केल्यावर सलग न दिसता पट्ट्यापट्ट्यांनी फुटतो. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू नांदत असल्याने एकाच एमकेव्ही (एमपी४सारखेच दुसरे वेष्टन) फाइलमध्ये चारही भाषांची उपशीर्षके ठेवून ‘सिद्धेश्वर’मधील द्ध आणि श्व ही जोडाक्षरे अखंड उमटतात का, उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते का, हे तपासणे सहज शक्य आहे. गर्दीतले चेहरे स्पष्ट ओळखू येत असतील, तर संबंधितांची संमती घेतल्याशिवाय अशी फाइल इतरांना देऊ नये.

सदोष नमुनेही तितकेच मोलाचे असतात: चित्रीकरण मध्येच तुटलेली, आवाज नसलेली, मोबाइल उभा धरल्याने फिरवण्याची सूचना असलेली, फ्रेमचा वेग सतत बदलणारी. तुटलेली फाइल उघडलीच पाहिजे असा आग्रह नसतो. प्लेअरने बंद न पडता दोष कळवला, तरी चाचणी उत्तीर्ण धरतात.

नमुना व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तो पुन्हा कॉम्प्रेस होतो व निकामी ठरतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि पोहोचल्यावर त्याचा एसएचए-२५६ अंक (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, फाइल जराही बदलली तर बदलणारी खूण) मूळ फाइलच्या अंकाशी ताडून पाहावा.